सदनिका क्रमांक चौदामधलं यंत्र

"मॅडम, ही दोन कपाटं आता काढावी लागतील," असं शर्मिष्ठा म्हणाली तेव्हा मी तिच्याच केबिनमध्ये, तिनेच मागवलेला चहा पीत बसले होते. त्यामुळे लगेच भांडता येईना. चहा अर्धा तरी संपवावा लागला.

कपाटं म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाची हर्बेरियमची कपाटं. मुलुंडच्या मागच्या डोंगरावरून तेहतीस वर्षांत मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या तीनशे बारा वनस्पती, वाळवून, जाड कागदावर शिवून, नावगाव लिहून, डांबरगोळ्यांच्या वासात झोपवलेल्या. मी चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. शर्मिष्ठा माझी विद्यार्थिनी, आणि आता कॉलेजची प्राचार्य.

"पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय," ती म्हणाली. "त्या खोलीत स्मार्ट बोर्ड लावायचाय. आता सगळं डिजिटल हवं ना, मॅडम. नमुन्यांचे फोटो काढून ठेवू, आणि बाकीचं..."

'बाकीचं' म्हणताना तिने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. पण वाळलेल्या पाल्याचं लोक काय करतात ते मला ठाऊक आहे.

"डिजिटलच हवं ना? मी करते वेबसाइट," मी म्हणाले. "समितीला दाखवू. तोपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही."

"तुम्ही?" शर्मिष्ठा म्हणाली.

बाकी काही नाही, एवढंच. पण त्या शब्दामागे जे प्रश्नचिन्ह होतं ना, त्याच्यामुळे पुढचं सगळं घडलं.

वेबसाइट शिकवणारे व्हिडिओ फुकट मिळतात. मी निवडलेले शिक्षक पंचविशीतले होते आणि दर दोन वाक्यांनी 'एकदम सिंपल आहे' म्हणत होते. तेहतीस वर्षं शिकवून मला एक कळलंय. शिक्षक 'सोपं आहे' म्हणतो तेव्हा ते त्याला स्वतःला कुठे अवघड गेलं होतं, ते तो विसरलेला असतो. मीही प्रकाशसंश्लेषण असंच शिकवलं. त्या सगळ्या तुकड्यांची मी इथे जाहीर माफी मागते.

दुसऱ्याच धड्यात ते म्हणाले की, आधी आपल्या लॅपटॉपमध्ये एक व्हर्च्युअल मशीन बनवा. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात दुसरा संगणक. त्याला स्वतःचा पडदा, स्वतःची मेमरी, स्वतःची वेगळी सिस्टिम. पण हातात धरता येईल असं त्यातलं काहीही नाही. वेबसाइटचे खरे सर्व्हर ज्या सिस्टिमवर चालतात तीच त्या आतल्या संगणकात घालायची आणि तिथे हवे तेवढे प्रयोग करायचे. बिघडलं तर आतलं बिघडेल, बाहेरचा लॅपटॉप शाबूत.

"बाहेरच्या संगणकाला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट," असं ते म्हणाले, आणि मी व्हिडिओ थांबवून खुर्चीत ताठ बसले.

"अहो, ऐकलंत का? हे बांडगूळ आहे!"

नंदकिशोर, म्हणजे माझे यजमान, पंपाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कोण? कारखानीस?"

कारखानीस आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्याकडे येतेच.

मी आंब्यावरच्या बांडगुळाबद्दल बोलत होते. झाडही होस्टच. बांडगूळ त्याच्या फांदीवर राहतं, त्याचं पाणी पितं, पण पानं स्वतःची, फुलं स्वतःची. इथे फरक एवढाच की बांडगुळाला किती पाणी द्यायचं ते आंब्याला कुणी विचारत नाही. मला मात्र एक पट्टी सरकवून ठरवायचं होतं, लॅपटॉपच्या आठ जीबीतली किती मेमरी गेस्टला द्यायची. मी चार दिली. पाहुण्याला निम्मं घर, ही आमच्या माहेरची पद्धत.

पुढचं बटण दाबलं आणि लाल अक्षरांत नकार आला. या लॅपटॉपवर व्हर्च्युअलायझेशन बंद आहे म्हणे. मग मी एक चूक केली. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: "कुणी घरी व्हर्च्युअल मशीन बसवलं आहे का? माझं सुरू होत नाहीये. मार्गदर्शन हवं."

मुंबईत माणसाला मदत मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी एकदा आमच्या ग्रुपवर काहीतरी विचारून बघावं. बावीस नंबरच्या वनमालाने लिहिलं, "अगं, आमचं फ्रंट लोडिंग आहे. झकास चालतं. नळाचं प्रेशर बघ आधी." बी विंगमधल्या एका गृहस्थांनी कळवलं की व्हर्च्युअल कंपनीचं काहीही घेऊ नका, त्यांची सर्व्हिस बोगस आहे. कुणी गुडघ्यांसाठी घेतलेलं मसाज मशीन विकायला काढलं. एकीने नुसतेच हात जोडले, तिला वाटलं कुणीतरी गेलं.

पाच मिनिटांत वनमाला स्वतःच घरात आली. जन्म सगळा घाटकोपरला गेलेला, त्यामुळे बेल वाजवणं तिला पटत नाही.

"उत्तरा, कुठंय मशीन?"

"इथे. लॅपटॉपमध्ये."

तिने लॅपटॉप उचलून खाली बघितलं. "यार, तू ठीक आहेस ना? रिटायर झाल्यावर होतं असं. माझ्या नणंदेने चक्क बोन्साय सुरू केले होते."

उपाय शेवटी व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांमध्ये सापडला. लॅपटॉप बंद करायचा, आणि सुरू होता होता, कंपनीचं चिन्ह यायच्या आत, एक विशिष्ट बटण दाबायचं. मग एक निळा पडदा येतो, तिथे ती सोय चालू करायची. 'आत' म्हणजे नक्की किती आत, ते कुणी लिहिलं नव्हतं. नंदकिशोर पेपर ठेवून उठले. पंप सुरू करण्याचा त्यांना छत्तीस वर्षांचा अनुभव.

"मी एक-दोन-तीन म्हणतो. तीनला दाब."

तीनला दाबलं, उशीर झाला. दोनला दाबलं, तरी उशीर. सातव्या खेपेला वनमालाने मला बाजूला सारलं आणि लॅपटॉप सुरू झाल्यापासून ते बटण डोअरबेलसारखं बडवत राहिली. निळा पडदा आला. आम्ही तिघंही दचकलो, कारण इतक्या वेळानंतर तो खरंच येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

दुपारी चारच्या सुमारास माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडली आणि त्या चौकटीत दुसरा संगणक जागा झाला. त्याने मला माझं नाव विचारलं. माझ्याच लॅपटॉपमध्ये बसून, माझीच निम्मी मेमरी घेऊन, मलाच नाव विचारतो! मला इतकं नवल वाटलं की मी चहा गॅसवर ठेवून विसरले.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. सोसायटीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. 'विषय: सदनिका क्र. १४ मध्ये विनापरवाना यंत्र बसवल्याबाबत.' निवासी सदनिकेत यंत्र बसवण्यापूर्वी सोसायटीचा ना हरकत दाखला घेणं बंधनकारक असताना आपण तो घेतला नाही, सबब रविवारी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. खाली सही, देवव्रत कारखानीस. यंत्रांवर हरकत घ्यायला देवाने कारखानीस आडनावाचाच माणूस निवडावा, यात त्याचा काहीतरी हेतू असणार.

मी वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख होते. जन्मात मला कधी मेमो मिळालेला नाही. ती नोटीस खाली फलकावरही लावली होती. दूधवाला माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला.

रविवारी कारखानीस अकराला दोन मिनिटं असताना आले. हातात टेप आणि छापील फॉर्म.

"मॅडम, व्यक्तिशः घेऊ नका. नियम म्हणजे नियम. यंत्राची लांबी-रुंदी?"

"नाही."

"सांगणार नाही?"

"सांगते ना. नाहीच आहे. लांबी नाही, रुंदी नाही."

त्यांनी रकान्यात आडवी रेघ मारली. "अश्वशक्ती?"

"कारखानीस, ते यंत्र खरं नाहीये. आभासी आहे."

"म्हणजे बंद आहे?"

"नाही, चालू आहे. या, बघा."

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि चौकट दाखवली. ते बराच वेळ चष्मा वरखाली करत राहिले. मग त्यांनी माउस धरला, बाण चौकटीत नेला, क्लिक केलं, आणि चेहरा बदलला.

"मॅडम, हा बाहेर येत नाहीये."

खरंच येत नव्हता. बाण चौकटीच्या आत फिरत होता आणि कडेपाशी थबकत होता. कारखानीसांनी माउस टेबलाच्या टोकापर्यंत ओढला, मग हवेत उचलला. नंदकिशोर म्हणाले, "प्लग काढ." मी म्हणाले, "कुणी कशाला हात लावू नका," आणि मलाही घाम फुटला. शेवटी चौकटीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, 'राइट कंट्रोल'. उजवीकडचं ते बटण दाबलं आणि बाण सुटून बाहेर आला.

कारखानीसांनी सुस्कारा सोडला. मग फॉर्ममधला 'आपत्कालीन निर्गमन मार्ग' हा रकाना शोधून त्यात लिहिलं, 'उजवीकडून.'

मला वाटलं, आता जातील. पण ते हलेनात.

"मॅडम, एक विचारू? त्या आतल्याच्या आत अजून एक बसवता येईल?"

"येतं म्हणतात."

"आणि आतल्या आतल्याला कळतं का, की आपण आत आहोत?"

हा प्रश्न मलाही दोन दिवस छळत होता. आम्ही तासभर बोललो. मी बांडगुळावर वाढणाऱ्या बांडगुळाचं सांगितलं, निसर्गात तेही असतं. त्यांनी दोनदा पोहे घेतले. सोमवारी फलकावर अहवाल लागला: 'पाहणीत यंत्र प्रत्यक्षात आढळून आले नाही. तथापि ते चालू स्थितीत आहे. हरकत नाही.'

हरकत निघाली, पण वेबसाइट कुठे होती? मी रोज दुपारी कॉलेजात जाऊन पंचवीस-पंचवीस नमुन्यांचे फोटो काढत होते आणि सकाळी घरी माहिती भरत होते. बारा-तेरा दिवसांत आतल्या यंत्रात तीनशे बारा पानं तयार झाली. आतल्या चौकटीत ती सुरेख दिसायची. बाहेरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमधून बघायला गेलं की काही नाही. कोरं पान. शिक्षक म्हणाले, "पोर्ट फॉरवर्ड करा, एकदम सिंपल आहे," आणि पुढच्या विषयाकडे गेले.

तीन सकाळी मी त्या दोन शब्दांशी झटापट केली. चौथ्या दिवशी कंटाळून खाली गेले. गेटवर सहदेव वॉचमन एका कुरिअरवाल्याशी बोलत होता.

"बावीस नंबर? चौदामध्ये द्या."

"पण यावर बावीस लिहिलंय."

"तुम्ही चौदामध्ये द्या ना भाऊ. मॅडमनी सांगून ठेवलंय. बावीसवाल्या सकाळी घरी नसतात."

मी तिथेच उभी राहिले. "सहदेव, परत म्हण."

"काय चुकलं का, मॅडम?"

"नाही रे. परत म्हण फक्त."

"बावीस विचारत आला, तर चौदाला पाठवायचा," सहदेव घाबरत म्हणाला.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे नेमकं हेच! बाहेरून कुणी आठ हजार ऐंशी नंबरचं दार विचारत आला, तर वॉचमनने त्याला आतल्या यंत्राच्या ऐंशी नंबरच्या दाराशी पाठवायचं. येणाऱ्याला आतली रचना माहीत असण्याची गरजच नाही. मी वनमालाचं पार्सल काखेत मारून जिना चढले, दोन रकान्यांत दोन आकडे भरले, आणि बाहेरच्या ब्राउझरमध्ये माझं पहिलं पान उघडलं. वर निळ्या अक्षरांत नाव, खाली कळलावीचा वाळलेला, तरीही तोऱ्यात वळलेला नमुना. मी नंदकिशोरना हाक मारली. ते आले, बघितलं, आणि म्हणाले, "वा." छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी फक्त दोन पंपांना 'वा' म्हटलं होतं.

माणसाने अशा वेळी शांत बसावं. मी पत्त्याच्या पट्टीतून लिंक उचलली आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवली. सोसायटीच्या ग्रुपवरही पाठवली. शर्मिष्ठाला पाठवली, आणि खाली लिहिलं, "झाली." पत्त्याची सुरुवात 'लोकलहोस्ट' अशी होती. लोकल, म्हणजे निदान मुलुंडपुरती तरी दिसेल, असा माझा समज.

पहिला फोन वनमालाचा. "उत्तरा, वाट लागली. माझ्याकडे 'साइट सापडत नाही' असं येतंय." मग नाशिकहून एक विद्यार्थी. मग बंगळूरहून एक. एकाने फोन बंद करून चालू केला, एकीने नवऱ्याचाही करून बघितला. कारखानीसांनी सोसायटीच्या ग्रुपवर तातडीची सूचना टाकली, "सदर लिंक संशयास्पद आहे. कुणीही दाबू नये." तासाभरापूर्वीच त्यांनी ती स्वतः चार वेळा दाबली होती, हे मला त्यांच्या मिसेसकडून कळलं.

शर्मिष्ठाचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. "मॅडम, उघडत नाहीये. असू दे."

'असू दे' हे मी नापास मुलांच्या पालकांना म्हणायचे.

त्या दुपारी मी जेवले नाही. शोधत बसले, आणि कळलं ते इतकं साधं होतं की रागही येईना. लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः'. प्रत्येक संगणक स्वतःला त्याच नावाने हाक मारतो. माझ्या लॅपटॉपने 'मी' म्हटलं की माझा लॅपटॉप, वनमालाच्या फोनने 'मी' म्हटलं की वनमालाचा फोन. मी दीडशे माणसांना 'माझ्याकडे बघा' असं सांगितलं होतं, आणि ती बिचारी आपापल्या खिशात माझं हर्बेरियम शोधत होती.

मी शर्मिष्ठाला फोन केला. "ती फक्त माझ्याच लॅपटॉपवर दिसते. सोमवारी मी लॅपटॉप घेऊनच येते."

"मॅडम, समितीपुढे..." ती थांबली. "बरं, या. दहा मिनिटं देते. कपाटांसाठी रद्दीच्या टेम्पोला मी दुपारी तीनची वेळ दिलीय."

समितीत तिघं होते. दोघं स्मार्ट बोर्डचं कुठलं मॉडेल घेताय याच्या चौकशीत रमले. तिसरे नागपूरचे डॉ. प्रबुद्ध रामटेके, शांत, बारीक अंगाचे, खिशाला भिंग अडकवलेलं. ते माझ्या लॅपटॉपसमोर बसले आणि एकेक पान उलटायला लागले. दहाची वीस मिनिटं झाली. शर्मिष्ठा दारात उभी राहून घड्याळ बघत होती.

एकशे सत्याऐंशी नंबरला ते थांबले. कवल्याचा नमुना. पावसाळ्यात डोंगरउतारावर पिवळा सडा पडतो, तोच कवला.

"हे नाव तुम्ही घातलं का?"

"हो."

"मला वाटतं चुकलंय, मॅडम."

स्मार्ट बोर्डवाले दोघंही मान वळवून बघायला लागले. माझे कान तापले. माझ्याच कॉलेजात, माझ्याच विद्यार्थिनीपुढे!

"हा त्याचा चुलतभाऊ असावा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, तेही गोंधळलेले दिसत होते. "फुलाखालच्या पुष्पकोशावर बघा. शिरा सरळ समांतर गेल्यात की जाळीदार आहेत?" त्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी पिवळे-तपकिरी चौकोन तेवढे उरले. "फोटोत नाही दिसत. मूळ नमुना आहे?"

"दुसरं कपाट, चौथा खण," मी म्हणाले आणि उठले.

कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला. मी कागद खिडकीपाशी उजेडात धरला. रामटेक्यांनी भिंग लावलं, बघितलं, आणि ते माझ्या हातात दिलं. मी वाकले. त्या नखाएवढ्या पुष्पकोशावर शिरांची जाळी होती. स्वच्छ, एखाद्या कोळ्याने विणावी तशी. एकोणीस वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता आणि मी त्याला दुसऱ्याच्या नावाने हाका मारत होते.

"जाळी आहे," मी म्हणाले. "चुकले मी."

"मॅडम, आम्हाला प्रॅक्टिकलला हाच आला होता," शर्मिष्ठा मागून म्हणाली.

"मार्क दिले होते मी?"

"पैकीच्या पैकी."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी तशी तयारीही केली. पण मनात वेगळंच सुरू झालं होतं. मग शेजारचा एकशे अठ्ठ्याऐंशी कोण? तो तर मी याच्यावरूनच ओळखला होता! "तो काढा," रामटेकेही त्याच क्षणी म्हणाले. तोही काढला. मग त्याच्या खालचा. जेवण वाढलंय म्हणून शिपाई दोनदा सांगून गेला. समितीचे बाकीचे दोघं जेवून परतही आले. तीनला रद्दीचा टेम्पो गेटवर आला तेव्हा शर्मिष्ठा प्राचार्यपदासकट जमिनीवर मांडी घालून बसली होती, एका हातात माझा कागद, दुसऱ्या हातात रामटेक्यांचं भिंग.

"मॅडम, टेम्पोवाला विचारतोय," शिपाई म्हणाला.

"त्याला जायला सांगा," ती मान वर न करता म्हणाली. "आणि बोर्ड व्हरांड्याशेजारच्या खोलीत लावा. इथे उजेड अडेल."

संध्याकाळपर्यंत माझ्या अकरा चुका सापडल्या. अकराही मी तिथेच, लॅपटॉपमधल्या त्या आतल्या यंत्रात दुरुस्त केल्या. बारावी शर्मिष्ठाने शोधून काढली आहे. ती मात्र मला मान्य नाही. त्या फुलात केसर दहा आहेत असं ती म्हणते, मी नऊ म्हणते, आणि गुरुवारी सकाळी उजेड चांगला असताना आम्ही दोघी ते कपाट पुन्हा उघडून मोजणार आहोत.